मुलींच्या फुटबॉलला हवी मैदानावरची ठरलेली वेळ

मुंबईचा शालेय फुटबॉल पावसाळ्यातला. जूनमध्ये शाळा भरतात, जुलैत मैदाने भिजून मऊ होतात आणि दसरा-दिवाळीच्या सुमाराला तीच मैदाने क्रिकेटच्या खेळपट्ट्यांसाठी सोडावी लागतात. जे काही खेळायचे ते मधल्या तीन-चार महिन्यांत खेळून घ्यायचे. मुंबई शालेय क्रीडा संघटना, म्हणजे सगळ्यांच्या तोंडी असलेली एमएसएसए, १८९३ सालची. तिच्या फुटबॉलमध्ये आता मुलींचेही गट आहेत. सामने आझाद मैदानात होतात, कधी कूपरेजवर, कधी वांद्र्याच्या नेव्हिल डिसूझा टर्फवर. याशिवाय जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयामार्फत होणाऱ्या शासकीय शालेय स्पर्धा आहेत. तिथे जिंकत गेले की विभाग, मग राज्य. शालेय फुटबॉलची देशातली सर्वात मानाची स्पर्धा म्हणजे सुब्रतो कप. ती १९६० मध्ये सुरू झाली, आणि सतरा वर्षांखालील मुलींचा गट तिच्यात आला २०१२ मध्ये. मुलांनंतर बावन्न वर्षांनी आला खरा, पण आला.

म्हणजे कागदावर पाहिले तर शिडी उभी आहे. गिरगावच्या चाळीत राहणारी सातवीतली मुलगी या शिडीने दिल्लीपर्यंत जाऊ शकते. पण गिरगाव, दादर, परळ, लालबाग या पट्ट्यातून या शिडीवर पाय ठेवणाऱ्या मुली कोण आणि किती, हे पाहू लागले की चित्र बदलते. स्पर्धा भरवल्याने खेळाडू तयार होत नाहीत. खेळाडू तयार होतात ते आठवड्यातून चार संध्याकाळी एकाच मैदानावर, एकाच प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली. या भागातल्या मुलींना नेमके तेच मिळत नाही. या आढाव्यात बाकीचे बरेच मुद्दे येतील, पण माझ्या लेखी प्रश्नाचे मूळ हे आहे.

आज दक्षिण आणि मध्य मुंबईत शाळकरी मुली फुटबॉल खेळताना दिसतात त्या साधारण तीन ठिकाणी. पहिले ठिकाण म्हणजे नामवंत इंग्रजी शाळा. कॅथेड्रल अँड जॉन कॉनन, फोर्टातली जे. बी. पेटिट, माहीमची बॉम्बे स्कॉटिश अशी नावे मुलींच्या आंतरशालेय सामन्यांच्या बातम्यांत भेटतात. या शाळांकडे पगारी प्रशिक्षक असतो, किट असते, सामन्याला नेणारी बस असते, आणि मुख्य म्हणजे मुलीने खेळावे असे वाटणारे पालक असतात. दुसरे ठिकाण खासगी अकादम्यांचे. त्यात अंजली शहा यांनी सुरू केलेल्या पिफाचा उल्लेख मुद्दाम करायला हवा, कारण मुंबईत एका बाईने फुटबॉलची अकादमी काढून ती नावारूपाला आणणे ही साधी गोष्ट नव्हती. तिचा महिला संघ पुढे इंडियन विमेन्स लीगमध्ये खेळला. तिसरे ठिकाण वस्त्यांमधल्या संस्थांचे. त्याबद्दल पुढे सविस्तर लिहितो.

या तिन्हींच्या मधोमध एक फार मोठी जागा रिकामी आहे. मराठी माध्यमाच्या अनुदानित शाळा, महापालिकेच्या शाळा, चाळीत आणि पुनर्विकासाच्या इमारतींत राहणाऱ्या नोकरदार घरांतल्या मुली. त्या फुटबॉल पाहतात. विश्वचषकात रात्र जागवतात. घरात मेस्सीचे पोस्टर असते. पण पायात स्टड्स घालून मैदानात उतरण्याची वेळ त्यांच्यावर क्वचितच येते.

याचे कारण मराठी घरे मुलींना खेळू देत नाहीत, असे कोणी सांगितले तर ते मी मान्य करणार नाही. याच पट्ट्यात त्याच्या उलट पुरावा पिढ्यान्‌पिढ्या डोळ्यांसमोर आहे. शिवाजी पार्कच्या श्री समर्थ व्यायाम मंदिराला १९२५ पासूनचा इतिहास आहे, आणि तिथल्या दोरीच्या मल्लखांबावर मुलींच्या पिढ्या तयार झाल्या. उदय देशपांडे यांना २०२४ मध्ये पद्मश्री मिळाली ती याच कामासाठी. दादरचे अमर हिंद मंडळ, ओम समर्थ भारत व्यायाम मंदिर यांच्या मैदानांवर खो-खो रुजला. शिवशक्ती महिला संघ, डॉ. शिरोडकर स्पोर्ट्स ही महिला कबड्डीतली नावे मुंबईकरांना सांगावी लागत नाहीत. ना. म. जोशी मार्गावरच्या श्रमिक जिमखान्यात कबड्डीचे सामने पाहायला अख्खी चाळ लोटते. २०१२ मध्ये पाटण्याला भारतीय महिलांनी कबड्डीचा विश्वचषक जिंकला, तेव्हा त्या संघात मुंबईच्या मुली होत्या. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत पहिला खो-खो विश्वचषक भारतीय महिलांनी नेपाळला ७८-४० असे हरवून जिंकला. कर्णधार होती महाराष्ट्राची प्रियंका इंगळे.

आखूड पँट घालून, धुळीत लोळून, गुडघे फोडून घेत खेळणाऱ्या मुली मराठी वस्तीला नव्या नाहीत. मग त्याच गल्लीतली मुलगी फुटबॉलपर्यंत का पोचली नाही? मला याचे उत्तर मंडळात आणि व्यायामशाळेत दिसते. कबड्डी, खो-खो आणि मल्लखांबाला घराजवळचे मंडळ होते. संध्याकाळी सहाला दिवा लागायचा, ताई किंवा सर शिट्टी वाजवायचे, थोरल्या बहिणीच्या मागून धाकटी यायची. वर्गणी नाममात्र. आईला ठाऊक असायचे की मुलगी कुठे आहे आणि कोणाच्या नजरेखाली आहे. फुटबॉलचे मुंबईतले घर मात्र वेगळे होते.

रोव्हर्स कप १८९१ मध्ये सुरू झाला तो लष्करी पलटणींच्या संघांसाठी. पुढे कूपरेजवर मुंबईचे संघ आले: टाटा स्पोर्ट्स क्लब, मफतलाल, ऑर्के मिल्स, एअर इंडिया, महिंद्र. फुटबॉल चांगला खेळणाऱ्या पोराला या कंपन्यांत आणि गिरण्यांत नोकरी लागायची, आणि मुंबईच्या फुटबॉलचा संसार त्या नोकऱ्यांवर चालायचा. त्या नोकऱ्या पुरुषांना मिळत. जानेवारी १९८२ मध्ये गिरण्यांचा संप सुरू झाला, त्यानंतर गिरणगाव मोडत गेले. महिंद्र युनायटेडने २०१० मध्ये गाशा गुंडाळला. रोव्हर्स कप २०००-०१ नंतर भरलाच नाही. मुलींसाठी दार उघडण्याची वेळ आली तोवर घरच मोडकळीला आले होते.

भारतीय महिला फुटबॉल मात्र त्या काळात उपाशीपोटी का होईना, उभा राहिला होता. १९७५ मध्ये महिलांचा स्वतंत्र महासंघ स्थापन झाला. १९८० आणि १९८३ या दोन महिला आशियाई चषक स्पर्धांत भारताच्या मुली उपविजेत्या ठरल्या. आजच्या शाळकरी मुलींना हे सांगितले तर त्यांना खरे वाटत नाही. नव्वदीच्या सुरुवातीला हा कारभार अखिल भारतीय फुटबॉल महासंघाकडे गेला, राष्ट्रीय स्पर्धा सुरू झाली आणि तिच्यावर मणिपूरने जवळजवळ मालकी सांगितली. वीसहून अधिक वेळा विजेतेपद एकट्या मणिपूरकडे गेले आहे. या राष्ट्रीय स्पर्धेच्या करंडकाला आज राजमाता जिजाबाईंचे नाव आहे. महाराष्ट्राच्या मातेचे नाव असलेला करंडक महाराष्ट्राच्या मुलींनी उचलावा, ही इच्छा बाळगायला हरकत नसावी.

फुटबॉलला मंडळासारखे घर मिळाल्याचे उदाहरण महाराष्ट्रातच आहे, ते कोल्हापूरचे. तिथे फुटबॉल तालमींनी दत्तक घेतला. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल या तालमींचे संघ शाहू स्टेडियमवर उतरतात तेव्हा पेठा ओस पडतात. कुस्तीच्या घरात फुटबॉल वाढला आणि कोणाला तो परका वाटला नाही. मुलींच्या बाबतीत कोल्हापूरही मागेच होते, पण जमीन तयार होती. म्हणूनच गडहिंग्लज तालुक्यातल्या बेकनाळसारख्या खेड्यातून अंजू तुरंबेकर पुढे येऊ शकल्या. आशियाई फुटबॉल महासंघाचा (एएफसी) ‘अ’ प्रशिक्षक परवाना मिळवून त्यांनी राष्ट्रीय महासंघात तळागाळाच्या फुटबॉलची जबाबदारी सांभाळली. एफसी कोल्हापूर सिटीचा महिला संघ देशाच्या लीगमध्ये खेळला. कोल्हापूरच्या तालमीला जे जमले ते दादर-परळच्या व्यायामशाळांना जमणार नाही, असे मानायला मला कारण दिसत नाही.

अर्थात फुटबॉलला जागा जास्त लागते. कबड्डीचे मैदान दोन चाळींच्या मधल्या पट्टीत बसते. फुटबॉलचे बसत नाही. आणि जागेचा विषय निघाला की गिरणगावात थांबून थोडे मागे पाहावेच लागते, कारण इथे जागा नव्हती असे नाही. ती हातची गेली. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतला नियम ५८ असा होता की, गिरणीची जमीन विकसित करायची तर साधारण एक तृतीयांश महापालिकेला मोकळ्या जागेसाठी, एक तृतीयांश म्हाडाला घरांसाठी आणि उरलेली मालकाला. सहाशे एकरांच्या आसपास जमीन होती ती. तिचा तिसरा हिस्सा मैदाने-बागांना मिळाला असता तर परळ-लालबागच्या प्रत्येक शाळेला चालत जाण्याच्या अंतरावर खेळायला जागा मिळाली असती. २००१ मध्ये नियम बदलला. वाटणी सगळ्या जमिनीची न होता, ज्या जमिनीवर बांधकाम नव्हते तेवढ्याचीच व्हायची असे ठरले. उच्च न्यायालयाने २००५ मध्ये हा बदल रोखला, पण मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो वैध ठरवला. पुढचे काय झाले ते लोअर परळच्या पुलावर उभे राहिले की दिसते. मॉल, काचेचे मनोरे, आणि अलीकडे तासाच्या भाड्याने मिळणारी टर्फ.

या टर्फविषयी थोडे सांगितले पाहिजे. कृत्रिम गवत, चहूबाजूंनी जाळी, रात्रीचे दिवे. मुलींसाठी खरे तर ही जागा चांगली: बंदिस्त, उजेडाची, चिखल नाही. पण भाडे तासाला हजार रुपयांच्या पुढे. ऑफिसातल्या बारा जणांनी वाटून घेतले तर परवडते. अनुदानित शाळेतल्या सोळा मुलींना आठवड्यातून तीनदा कोण देणार? खेळ घड्याळावर विकला जाऊ लागला की सर्वात आधी बाहेर पडतात त्या ज्यांच्या हातात स्वतःचे पैसे नसतात, आणि चौदा वर्षांच्या मुलीच्या हातात ते नसतातच.

मुंबईत माणशी दोन चौरस मीटरही मोकळी जागा नाही हे आपण ऐकत आलो आहोत. तरी जी आहे तिचे वाटप कसे होते ते पाहायला हवे. शिवाजी पार्क आहे, नरे पार्क आहे, वरळीचे जांबोरी मैदान आहे, परळचे सेंट झेवियर्स मैदान आहे जिथे मुंबईच्या फुटबॉल लीगचे सामने होतात. संध्याकाळी पाच ते सात या वेळेत यातल्या कोणत्याही सार्वजनिक मैदानाच्या कडेला उभे राहा. मधला भाग तरुण मुलग्यांचा आणि पुरुषांचा. कडेने चालणाऱ्या बायका. कोपऱ्यात लहान मुले. बारा ते सतरा वयाच्या मुली कडेला मैत्रिणींशी गप्पा मारताना दिसतील, चेंडूमागे धावताना फार कमी. त्यांना कोणी हाकललेले नसते. त्यांची तिथे ठरलेली जागा नसते, एवढेच, आणि ठरलेली जागा नसली की ज्याचा आवाज मोठा त्याची ती होते. शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे यांनी २०११ मध्ये आलेल्या ‘व्हाय लॉइटर?’ या पुस्तकात मुंबईच्या बायकांबद्दल हेच दाखवून दिले होते: बाईला सार्वजनिक जागेत काहीतरी कामाचे निमित्त लागते. मैदानावर मुलीसाठी असे निमित्त म्हणजे संघ, जर्सी आणि वेळापत्रक.

गिरगावची अडचण आणखी वेगळी. तिथे खेळायचे तर आझाद मैदान, क्रॉस मैदान, नाहीतर मरिन ड्राइव्हच्या जिमखान्यांकडे पाहायचे. जिमखाने सभासदांचे. आझाद मैदानाचा मोठा तुकडा मेट्रोच्या कामाने काही वर्षे अडवला होता. आता तीच भुयारी मेट्रो ऑक्टोबर २०२५ पासून पूर्ण मार्गावर धावते. गिरगाव स्थानकावरून विधान भवनला उतरले की कूपरेज चालत जाण्याजोगे. दादरहूनही थेट जाता येते. संध्याकाळच्या लोकलच्या गर्दीत किटबॅग घेऊन मुलीला एकटी सोडायला जी आई तयार नव्हती, ती या गाडीने सोडेल. शाळांनी याचा विचार करावा, कारण सामने दूर असतात म्हणून संघच पाठवला नाही, हे कारण आता पूर्वीइतके टिकत नाही.

आता शाळकरी मुलीचा दिवस पाहू. सकाळचे अधिवेशन असेल तर साडेबारा-एकला सुटका, दुपारचे असेल तर सहाला. आठवीपासून क्लास सुरू. घरी धाकटे भावंड असेल तर त्याची जबाबदारी बहुधा हिच्याकडे. पाळी सुरू झालेली असते, आणि मैदानावर स्वच्छतागृह नसते किंवा असले तर कुलूप लावलेले असते. सामन्याला जायचे तर कपडे बदलायला खोली नाही. रापशील, लागेल, पाय मोडून घेशील, हे ऐकावे लागते. यातले कोणतेही एक कारण मुलीला थांबवण्याइतके मोठे नाही. पण सगळी मिळून आठवी-नववीत ती सराव सोडते. सहावी-सातवीत उत्साहाने आलेल्या संघातल्या किती जणी दहावीपर्यंत टिकतात, हा आकडा प्रत्येक शाळेने आपल्यापुरता काढून पाहावा. करंडक किती मिळाले यापेक्षा हा आकडा जास्त बोलका आहे.

दुखापतीची भीती मात्र खोटी नाही, म्हणून ती झटकूनही टाकू नये. वयात आलेल्या मुलींमध्ये गुडघ्याच्या अस्थिबंधाची, ज्याला सगळे एसीएल म्हणतात, दुखापत मुलग्यांपेक्षा बरीच जास्त आढळते. वळताना, उडी मारून खाली येताना गुडघा आत वळतो आणि अस्थिबंध तुटतो. यावर उपाय महागडा नाही. फिफाच्या वैद्यकीय केंद्राने तयार केलेला ‘इलेव्हन प्लस’ नावाचा सरावाआधीचा व्यायाम वीस मिनिटांचा असतो. त्याला साधने लागत नाहीत, आणि नियमित केला तर दुखापती लक्षणीय घटतात. धावणे, एका पायावर तोल, पोटाचे व्यायाम, नीट उडी मारायला आणि उतरायला शिकणे. मल्लखांब आणि खो-खो शिकवणाऱ्या आमच्या जुन्या शिक्षकांना यातले बरेचसे आधीपासून माहीत आहे. पण हे करून घ्यायला रोज उभे राहणारे माणूस हवे.

आणि तेच माणूस शाळेत नसते. अनेक अनुदानित शाळांत पीटीच्या एका शिक्षकावर सगळे वर्ग, कवायत, पंधरा ऑगस्ट, स्काउट-गाइड आणि वर निवडणुकीची कामेही असतात. शिक्षण हक्क कायद्याच्या २००९ च्या अनुसूचीत शाळेला मैदान आणि क्रीडा साहित्य हवे असे लिहिले आहे. चार मजली इमारतीत भरणाऱ्या शाळेने ते आणायचे कुठून? फुटबॉलचा परवानाधारक प्रशिक्षक ही चैन वाटते. बाई प्रशिक्षक तर दुर्मीळच. तरी हे काम बायका करू शकतात याची उदाहरणे जवळच आहेत. गोव्याच्या उवेना फर्नांडिस सहायक पंच म्हणून २०१६ मध्ये जॉर्डनला सतरा वर्षांखालील मुलींच्या विश्वचषकापर्यंत पोचल्या. मैदानावर शिट्टी बाईच्या तोंडात असली की पालकांच्या अर्ध्या शंका आपोआप मिटतात. म्हणून मला वाटते, खेळ सोडलेल्या वीस-बावीस वर्षांच्या मुलींना महासंघाच्या प्राथमिक परवान्याचे शुल्क भरून प्रशिक्षक करणे ही शाळांनी आणि मंडळांनी करायची सर्वात फायद्याची गुंतवणूक आहे.

आता वस्त्यांमधल्या संस्था. कफ परेडच्या आंबेडकर नगरात अशोक राठोड यांनी ऑस्कर फाउंडेशन उभे केले. वस्तीतली पोरे शाळा सोडून ससून डॉकवर कामाला लागत होती. राठोड यांनी चेंडू आणला आणि नियम घातला: शाळेत गेलास तरच फुटबॉल. सुरुवात मुलग्यांपासून झाली, पुढे मुली आल्या. घरोघरी जाऊन आयांना समजवावे लागले. दक्षिण मुंबईच्या श्रीमंत इमारतींच्या पायथ्याशी राहणाऱ्या या मुली आज इतर मुलांना शिकवतात. दुसरे उदाहरण आपल्या पट्ट्याबाहेरचे, पण प्रश्नाच्या गाभ्याचे: मुंब्रा. सबाह खान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी परचम या संस्थेतर्फे २०१२ च्या सुमारास तिथल्या मुलींना फुटबॉलसाठी एकत्र केले. मुस्लिमबहुल वस्ती, हिंदू आणि मुस्लिम मुली एका संघात. या मुलींनी सगळ्यात आधी काय मागितले? करंडक नाही, बूट नाहीत. त्यांनी मैदान मागितले, सह्या गोळा करून मागितले, आणि मुलींसाठी राखीव जागा मिळवली. आपल्या फुटबॉल स्पर्धेला त्यांनी फातिमाबी आणि सावित्रीबाई यांची नावे दिली. प्रश्न कुठे आहे हे त्या मुलींना नेमके कळले होते.

वरच्या पातळीवर गेल्या काही वर्षांत पुष्कळ घडले. १५ सप्टेंबर २०१७ ला राज्यात दहा लाख मुलामुलींनी एकाच दिवशी फुटबॉल खेळावा म्हणून सरकारी मोहीम झाली. जानेवारी-फेब्रुवारी २०२२ मध्ये महिलांचा आशियाई चषक नवी मुंबई, अंधेरी आणि बालेवाडीत रंगला. भारतीय संघाला इराणशी बरोबरी झाल्यावर कोविडमुळे माघार घ्यावी लागली, ती सल अजून जात नाही. त्याच वर्षी ऑक्टोबरात सतरा वर्षांखालील मुलींचा विश्वचषक झाला, अंतिम सामना नेरुळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर, स्पेनने कोलंबियाला १-० असे हरवले. आपल्या मुली अमेरिकेकडून ०-८, मोरोक्कोकडून ०-३ आणि ब्राझीलकडून ०-५ अशा हरल्या. या आकड्यांवर तेव्हा पुष्कळ लोक हसले. मला त्यात हसण्यासारखे काही दिसले नाही. अमेरिकेची मुलगी दहा वर्षे दर शनिवारी सामना खेळून तिथे आली होती. आपल्या संघातल्या बहुतेकींना वर्षभर सलग लीगच मिळालेली नव्हती.

अमेरिकेचा दाखला इथे उपयोगी आहे, कारण त्यांचा फुटबॉल हायस्कुलात वाढला. १९७२ मध्ये तिथे कायदा झाला की सरकारी पैसा घेणाऱ्या शिक्षणसंस्थेत मुलगा-मुलगी असा भेद करता येणार नाही. त्याआधीच्या वर्षी देशभरातल्या हायस्कूल संघांत फुटबॉल खेळणाऱ्या मुली जेमतेम सातशे होत्या. आज त्या साडेतीन लाखांहून अधिक आहेत. त्या मुलींच्या रक्तात काही वेगळे नव्हते. मुलग्यांना जितकी मैदानाची वेळ आणि प्रशिक्षक, तितके मुलींना द्यावे लागेल, असे शाळांना सांगितले गेले. आपल्याकडे झारखंडच्या निवासी केंद्रांतल्या आणि मणिपूरच्या गावोगावच्या मुली सुब्रतो कपात पुढे जातात त्याचेही कारण हेच: रोजचा सराव आणि ठरलेले मैदान.

देशाच्या पातळीवर पीक येऊ लागले आहे. ५ जुलै २०२५ ला चिआंग माईमध्ये संगीता बासफोरच्या दोन गोलांवर भारतीय महिलांनी थायलंडला २-१ असे हरवले आणि पात्रता फेरी खेळून आशियाई चषकात प्रथमच जागा मिळवली. त्याच वर्षी वीस वर्षांखालील मुलींनीही आपल्या गटाच्या आशियाई स्पर्धेत प्रवेश मिळवला. या संघांत दादर-परळची मुलगी शोधू नका.

दहावीनंतर काय, हा पालकांचा प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर तितके काळोखे नाही. खेळाडूंना दहावी-बारावीत सवलतीचे गुण आहेत, राज्याच्या सरकारी नोकऱ्यांत पाच टक्के आरक्षण आहे. रेल्वेच्या महिला संघाने २०१५-१६ मध्ये मणिपूरला मागे टाकून राष्ट्रीय विजेतेपद मिळवले, आणि मध्य व पश्चिम रेल्वेची मुख्यालये आपल्याच शहरात आहेत. इंडियन विमेन्स लीग २०१६-१७ पासून सुरू आहे. मुंबईचे केंकरे, पिफा, मुंबई नाइट्स हे संघ तिच्यात खेळून आले. त्यात सातत्य नाही, पैसा कमी आहे, हे खरे. पण २ नोव्हेंबर २०२५ ला डी. वाय. पाटीलवर भारतीय मुलींनी क्रिकेटचा विश्वचषक जिंकला तेव्हा या शहराने पाहिले की मुलींच्या खेळाला गर्दी, पैसा आणि मान तिन्ही मिळू शकतात. क्रिकेटच्या त्या मुलींनाही पंधरा वर्षांपूर्वी कोणी विचारत नव्हते.

तेव्हा माझे म्हणणे थोडक्यात आणि स्पष्ट आहे. नव्या स्पर्धांची, एक दिवसाच्या महोत्सवांची, टी-शर्ट वाटपाची या भागाला गरज नाही. शिवाजी पार्क, नरे पार्क, जांबोरी, आझाद मैदान इथे सोमवार ते शुक्रवारपैकी किमान तीन दिवस, संध्याकाळी पाच ते साडेसहा, मैदानाचा एक ठरावीक भाग शाळकरी मुलींसाठी राखीव असला पाहिजे. फलक लावून, लेखी. शेजारचे स्वच्छतागृह त्या वेळेत उघडे असले पाहिजे. तीन-चार शाळांनी मिळून एक प्रशिक्षक ठेवावा, शक्यतो बाई. सात-सात जणींची छोटी लीग जून ते सप्टेंबर दर शनिवारी व्हावी. एका शाळेत अकरा जणी जमत नसतील तर दोन शाळांचा मिळून संघ करावा. गणपतीत नरे पार्कात परळच्या राजाचा मंडप असतो, ते दिवस सोडून वेळापत्रक आखता येते. मंडळाच्या कार्यकर्त्यांनाच सोबत घेतले तर तेच चेंडूही देतील आणि पाण्याची सोयही करतील. जे मंडळ खो-खो आणि कबड्डीच्या मुली घडवते त्याच्याकडे हे काम द्यायला संकोच नसावा.

महापालिकेकडे हे मागायचे कुठे, तर विभाग कार्यालयात. दादरकरांसाठी जी-उत्तर, वरळी-लोअर परळसाठी जी-दक्षिण, परळ-लालबागसाठी एफ-दक्षिण, गिरगावसाठी सी आणि डी. शाळेच्या लेटरहेडवर मुख्याध्यापकांची सही, खाली पालक-शिक्षक संघाच्या आणि माजी विद्यार्थिनींच्या सह्या, मागणी एकच: मुलींच्या फुटबॉलसाठी या मैदानावर या वारी ही वेळ. आपली मुलगी किंवा भाची या भागातल्या शाळेत असेल, किंवा आपण स्वतः तिथे शिकला असाल, तर हे पत्र मे महिन्याच्या सुट्टीआधी पोचेल असे पाहा. जूनमध्ये शाळा उघडल्यावर दिलेल्या अर्जाचा निर्णय होईपर्यंत फुटबॉलचा हंगाम संपलेला असतो.